ताकद वाढवलेल्या गाडीला क्लच कोणता?

रॅली ऑफ महाराष्ट्रसारखी मोटार शर्यत नाशिकने पाहिली आहे, तेव्हा इथल्या पोरांना गाड्यांचे वेड असणारच. टर्बो बसवून इंजिनाची ताकद वाढवली की कंपनीचा क्लच स्लिप मारू लागतो; इंजिन ओरडते, गाडी पळत नाही. मग गिऱ्हाईक म्हणते, ‘सर्वांत कडक, सिरॅमिकचाच टाका.’ इथे आपल्या गॅरेजवाल्या बांधवांनी जरा थांबावे.

क्लचचा हिशेब हॉर्सपॉवरवर नव्हे, टॉर्कवर होतो. वाढलेल्या टॉर्कपेक्षा थोडी जास्त पकड पुरे. सिरॅमिक प्लेट उष्णता सोसते, पण एकदम पकडते. द्वारका चौकाच्या गर्दीत, कसारा घाटात चढावर अडकल्यावर गाडी धक्के देते. रोजच्या गाडीला जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक लायनिंगची प्लेट बहुधा भागते. (आमच्या कापडातही जाड ते टिकाऊच, असे नसते.)

गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंग बदला, फ्लायव्हील तपासा. ऑइल सील गळत असेल तर नवी प्लेटही स्लिप मारेल, आणि दुसऱ्यांदा उतरवायची मजुरी कोणी द्यायची यावरून भांडण होईल. म्हणून आधीच विचारा, गाडी शर्यतीला की दुकानाला? उत्तर बिलावर लिहून घ्या.