सूनबाईला विचारलं कुणी?

गेल्या दिवाळीत आमच्या वरंधच्या घरी एक पांढराशुभ्र खोका आला. मुंबईला नोकरी करणाऱ्या धाकट्याने आपल्या वहिनीसाठी मॅकचा लॅपटॉप आणला होता. "वहिनी, आता तुमची डिझाइन्स कशी झोकात होतील बघा," म्हणाला. पाडव्याला त्याची पूजा झाली. शेजारच्या बायका बघून गेल्या. मीही जरा मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू!

त्याआधी सूनबाई सहा महिने एसटीने महाडला क्लासला जात होती. ब्लाउजवरचे मोर, कोयऱ्या कॉम्प्युटरवर तयार करायला शिकली. या कामाला धंद्यात पंचिंग म्हणतात. नुसतं चित्र काढून भागत नाही. टाका कुठला, कुठल्या दिशेने जाणार, किती दाट बसणार, आधी कुठला रंग, हे सगळं ठरवावं लागतं. मग डीएसटी नावाच्या प्रकारात फाइल करून पेनड्राइव्हने भरतकामाच्या मशीनला द्यायची. मशीन बचत गटाच्या कर्जातून घेतलेलं, हप्ता दर महिन्याला ठरलेला.

आणि क्लासमध्ये शिकलेलं सॉफ्टवेअर या नव्या लॅपटॉपवर सुरूच होईना. चार दिवस ती खटपट करत होती. आणि मी काय म्हणावं? "क्लासमध्ये तर सगळं येतं म्हणत होतीस!" ती काही बोलली नाही. उठली आणि भाकऱ्या थापायला लागली.

पुढे कळलं की चूक तिची नव्हतीच. या कामाची बरीच सॉफ्टवेअर्स फक्त विंडोजसाठी बनवलेली असतात. विल्कॉमचं एम्ब्रॉयडरी स्टुडिओ या धंद्यात मोठं नाव, तेही विंडोजचंच. मॅक म्हणजे वेगळं घर. पाहुणा कितीही गुणी असला तरी इथली भाषा त्याला येत नाही.

मग धाकट्याने फोनवर उपाय सांगायला सुरुवात केली. मीही कान देऊन ऐकलं. 2006 साली मॅकमध्ये इंटेलची चिप आली आणि त्याच वर्षी बूट कॅम्प नावाची सोय आली. एकाच मशीनवर दोन्ही ठेवायचे, सुरू करताना मॅक की विंडोज ते ठरवायचं. पण 2020 च्या नोव्हेंबरपासून अ‍ॅपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले आणि त्यांच्यावर ही सोय नाही. आमचा मॅक नवा, म्हणजे हा रस्ता बंद.

दुसरा उपाय पॅरलल्स. मॅकच्या घरातच विंडोजसाठी एक खोली बांधून द्यायची. नव्या मॅकवर अशा रीतीने विंडोज 11 चालवायला मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये मान्यताही दिली. पण त्या खोलीतलं विंडोज एआरएम जातीचं असतं. साधे प्रोग्रॅम त्यावर बहुधा चालतात. मात्र सॉफ्टवेअरची किल्ली म्हणून यूएसबीला डोंगल लावावा लागत असेल आणि त्याचा ड्रायव्हर एआरएमसाठी केलेला नसेल, तर किल्ली हातात असून कुलूप उघडत नाही. शिवाय पॅरलल्सचे पैसे वेगळे, विंडोजचे वेगळे, डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे तर आहेतच. तिसरा उपाय वाइन किंवा क्रॉसओव्हर. विंडोज न घालता मधे दुभाषा बसवायचा. जमलं तर जमलं, नाही तर आपलं नशीब!

एव्हाना तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. लग्नसराईच्या ऑर्डरी दारात, आणि आम्ही खोल्या बांधतोय! शेवटी सूनबाईनेच तोंड उघडलं. म्हणाली, "आई, मला साधा विंडोजचा कॉम्प्युटर पुरे होता. मला कुणी विचारलंच नाही."

मैत्रिणींनो, ते वाक्य मला लागलं. धाकट्याची माया खरी, पैसेही त्याच्या कष्टाचे. पण घरात शेगडी घेताना आपण स्वयंपाक करणारीला विचारतो. बाईच्या धंद्याचं हत्यार घेताना मात्र दीर ठरवतो, नवरा ठरवतो, दुकानदार ठरवतो. आणि ते चाललं नाही की "तिला जमत नाही" हा शिक्का तिच्यावर. तो मारणाऱ्यांत मीही होते.

मॅकला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. लग्नपत्रिकेवाल्यांकडे आपण बघतो ते कोरल ड्रॉ 2019 पासून मॅकवरही मिळतं. भरतकामासाठी इंक-स्टिच नावाचं फुकट सॉफ्टवेअर मॅकवर चालतं. मधल्या दिवसांत सूनबाईने त्याच्यावर एक कोयरी करून टाक्यांत उतरवली, छान आली. पण रोजच्या धंद्याला हात बसलेलं हत्यारच लागतं. लग्नसराईच्या तोंडावर नवं शिकत कोण बसणार? आम्ही लॅपटॉप धाकट्याला परत दिला. त्याला तो कामाला आला, आणि त्याने आनंदाने वहिनीला विंडोजचा एक जुना डेस्कटॉप घेऊन दिला. दिसायला बोजड आहे, पण हप्ता वेळेवर जातोय.

तुमच्या घरी लेकीला, सुनेला कामासाठी कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर आधी तिला विचारा, तू कुठलं सॉफ्टवेअर वापरणार? ते कशावर चालतं? डोंगल लागतो का? मग तिलाच दुकानात पुढे उभी करा. तिचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर चालवून दाखवा म्हणावं, आणि मगच पैसे मोजावेत.

सूनबाईची माफी मी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "आई, आता माऊसला जरा हात लावा, तुम्हालाही शिकवते." सध्या मी कोयरीवर आहे. मोर अजून लांब आहे!