बारा लाख माफ झाले, रिटर्न माफ नाही



मधल्या सुट्टीत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, मग रिटर्न कशाला भरायचं?" तुमच्याही शाळेत ऐकलं असेल.

आधी वर्ष नीट बघा. बारा लाखांची सवलत (पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून १२,७५,०००) नव्या कर प्रणालीतली आहे आणि ती १ एप्रिल २०२५ पासूनच्या पगाराला लागू आहे. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचं म्हणून जे रिटर्न भरता येत होतं, ते त्याआधीच्या म्हणजे २०२४-२५ च्या पगाराचं. त्या वर्षी नव्या प्रणालीत कर शून्य होता तो ७ लाखांपर्यंतच. आर्थिक वर्ष वेगळं आणि आकारणी वर्ष वेगळं, त्यामुळे हा घोळ होतो. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात एकच 'कर वर्ष' आहे. हे बरंच झालं म्हणायचं.

आणि कर शून्य आला तरी रिटर्न सुटत नाही. उत्पन्न मूळ मर्यादेच्या वर गेलं की भरावंच लागतं. फेब्रुवारीच्या पगाराआधी आपण कार्यालयात गणना पत्रक देतो, तेच रिटर्न असं समजणारेही आहेत!

आमच्या ओळखीच्या एका सरांचं बघा. आकडे सोपे करून सांगते. पगार ९,५०,०००. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी चे दीड लाख, गृहकर्जाचं व्याज दोन लाख, एनपीएसचे जादा ५०,०००. उरले ४,९७,५००, म्हणजे पाच लाखांच्या आत. कर शून्य. म्हणून सर निवांत राहिले. मुदत ३१ जुलैची होती, ती १५ सप्टेंबर झाली, वर आणखी एक दिवस मिळाला. सरांनी तोही घालवला.

आता मुदतीनंतर रिटर्न भरताना पगारदाराला जुनी प्रणाली निवडता येत नाही. नव्या प्रणालीत सरांचं उत्पन्न ८,७५,००० धरलं जाणार. त्यावर कर ३७,५०० आणि ४ टक्के उपकर मिळून ३९,०००. शिवाय ५,००० विलंब शुल्क आणि व्याज. शेकडेवारी शिकवणारा माणूस शेकडेवारीतच अडकला. हसू नका, आपणही फॉर्म १६ न वाचताच पुढे देतो.

मला चूक एकट्या सरांची वाटत नाही. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत कितीतरी विषय होतात. वर्षातून एकदा, जूनमध्ये फॉर्म १६ हातात पडल्यावर, अर्धा तास यासाठी ठेवायला काय हरकत आहे? प्रत्येकाने आपापला फॉर्म आणायचा आणि दोन्ही प्रणालींचं गणित फळ्यावर मांडायचं.

तोवर एक करा. मागचं रिटर्न राहिलं असेल तर ३१ डिसेंबरच्या आत भरा, आणि भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करायला विसरू नका.