खटका अडकला, म्हणून डिक्की बदलायची?

टूरिंग मोटरसायकलच्या डिक्कीचा खटका अडकायला लागला की सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ठरलेले उत्तर मिळते: ‘असेंब्लीच बदलावी लागेल.’ कुलूप, कडी, स्प्रिंग असा सगळा संच एकाच पार्ट नंबरखाली विकला जात असेल, तर काउंटरवरचा माणूस तरी दुसरे काय सांगणार? पण अडकणारा खटका मोडलेला क्वचितच असतो. तो मळलेला असतो, त्यातले ग्रीस सुकलेले असते किंवा कडी जागेवरून किंचित हललेली असते. अर्ध्या तासाच्या देखभालीचे काम हजारो रुपयांच्या खरेदीत जाते, यात दोष मेकॅनिकपेक्षा भाग विकण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो दूर करण्याची सक्ती कंपन्यांवर हवी.

होंडाची गोल्ड विंग पाहू. १९७४ साली कोलोनच्या प्रदर्शनात ती प्रथम दिसली तेव्हा तिला सामानाच्या पेट्या नव्हत्या. १९८० च्या इंटरस्टेट मॉडेलपासून दोन बाजूंच्या पेट्या आणि मागची डिक्की कारखान्यातूनच बसून येऊ लागली. २०१८ च्या पिढीत बटण दाबले की कडी विजेवर सुटते. त्याआधीच्या जीएल१८०० मध्ये मात्र लिव्हर ओढला की आतली केबल कडी मागे खेचते आणि लिव्हर सोडला की स्प्रिंग तिला पुन्हा जागेवर आणते. या रचनेत बिघडण्यासारखे फारसे काही नाही, अडकण्यासारखे बरेच आहे. केबलच्या नळीत पाणी शिरते आणि गंज धरतो. जुने ग्रीस घट्ट होते, त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात कोकणात गाडी फिरवणाऱ्याला वेगळे सांगायला नको: घाटातली तांबडी माती आणि किनाऱ्याचा खारा वारा कोणत्याही कंपनीच्या कडीचा मुलाहिजा ठेवत नाहीत.

दोष कुठे आहे हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. खटक्याच्या वरच झाकण तळव्याने दाबून धरायचे आणि मग उघडून पाहायचे. लगेच उघडले तर कुलूप निर्दोष आहे; पेटी ठासून भरल्यामुळे किंवा झाकणाचे रबर फुगल्यामुळे कडीवर ताण येतो आहे, एवढेच. झाकण उघडे असताना कडी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने बंद करून पुन्हा सोडावी. ती खटकन सुटली तर यंत्रणा शाबूत आहे आणि समोरचा हूक एक-दोन मिलिमीटर सरकवण्याचे काम आहे. रेंगाळत सुटली तर जुने ग्रीस धुऊन नवे लावायचे. लिव्हर ओढूनही कडी पुरती मागे येत नसेल तर केबलला ढील आली आहे, ती ताणून घ्यायची. किल्लीच जड फिरत असेल तर कुलपात तेल ओतणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट उपाय. आतल्या पातळ पट्ट्यांमध्ये तेल आणि धूळ मिळून चिखल होतो. तिथे ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे १९५३ साली मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाला. घाण सोडवायला तो उत्तम, पण कडीला टिकाऊ वंगण म्हणून तो ग्रीसची जागा घेऊ शकत नाही. किल्लीवर जोर तर कधीच करू नये. अर्धी किल्ली आत तुटली की मग असेंब्ली बदलण्याची वेळ खरोखरच येऊ शकते.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा असतो: धावत्या गाडीची पेटी उघडून सामान रस्त्यावर सांडले तर मागच्याचा जीव जाऊ शकतो. आक्षेप रास्तच आहे, आणि वाकलेली कडी किंवा झिजलेला हूक कोणी घासूनपुसून वापरू नये. पण तोच एक हूक सुटा मिळत नसेल तर माणूस काय करतो? पूर्ण संचाची किंमत ऐकतो, घरी जातो आणि पेटी दोरीने बांधून निघतो. हा काही सुरक्षेचा मार्ग नव्हे. दुसरा आक्षेप वेळेचा. खटका खोलून साफ करण्याची मजुरी सुट्या भागापेक्षा महाग पडते, असे म्हटले जाते. ज्या देशांत मजुरी महाग आहे तिथे ते खरेही असेल. आपल्याकडे कोपऱ्यावरचा मेकॅनिक हे काम चहा येईपर्यंत उरकतो. त्याच्याकडे कसब आहे, नसतो तो भाग आणि केबल किती ताणायची हे सांगणारे मॅन्युअलचे पान. चोराला कुलपाची रचना कळेल, ही भीतीही फारशी टिकत नाही. मागितले आहेत ते स्प्रिंग, केबल आणि हूक, किल्लीचे कोड नव्हेत.

आपल्याकडे या प्रश्नाची पायवाट पडलेली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना खुलेपणाने मिळत नाहीत, हा ठपका होता. प्रकरण अपिलात गेले, पण मुद्दा नोंदला गेला, तोही चारचाकींपुरता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्र घेतले. मात्र पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तिथे काय टाकायचे आणि किती, याची सक्ती नाही. खटके विजेवर जात असताना ही ढिलाई आणखी महागात पडेल, कारण विजेच्या कडीचा दोष तळव्याने झाकण दाबून नेहमीच कळणार नाही, त्यासाठी वायरिंगची आकृती हातात लागेल. म्हणून किमान एवढे तरी बंधनकारक करावे: कडी, स्प्रिंग, केबल, हूक आणि झाकणाचे रबर यांना स्वतंत्र पार्ट नंबर आणि छापील किंमत, जुळवणीचे पान व वायरिंगची आकृती सर्वांना विनामूल्य, आणि मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षे या भागांचा पुरवठा.