मिश्रीची डबी आणि शिकाऊ डॉक्टर



मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचे, कराडचे कृष्णा १९८४ सालचे. तिथली मुले २०२१-२२ च्या तुकडीपासून अभ्यासक्रमाचा भाग म्हणून खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घेतात, त्यांच्या घरी जातात. सोय मोलाची आहे. पण नुसता रक्तदाब मोजून वही भरली तर उपयोग शून्य.

आपल्याकडे बायामाणसे तव्यावर तंबाखू भाजून मिश्री लावतात. "तंबाखू खाता का?" विचारले तर म्हातारी सरळ नाही म्हणेल, आणि ती खोटे बोलत नाही! तिच्या लेखी ते दातवण. तेव्हा मिश्री म्हणूनच विचारावे, दिवसातून कितीदा ते विचारावे. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणाली तर हसू नये, तिथूनच बोलणे सुरू करावे. हे बोलणे मुलांना नीट शिकवावे, परीक्षेत त्याला भरपूर गुण असावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२००२ साली लोकरी मावा आला तेव्हा आपण उसाचे पान उलटून बघायला शिकलो. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात पुष्कळदा साध्या पांढऱ्या चट्ट्यातून होते, तो घरच्यांच्या तोंडात आहे का, हे कोण बघतो? पोरे दारात आली तर "मालक शेतात गेलेत" सांगून परत पाठवू नका. आत बोलवा, मिश्रीची डबीही समोर ठेवा.