एका शितावरून कळत नाही तेव्हा

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. कॉम्प्युटरच्या जगात मात्र एक जागा अशी आहे, जिथे ही म्हण अजिबात चालत नाही. आणि तिथे आपल्या मुली अजून फार दिसत नाहीत, हे मला खटकतं.

लिनक्स हे नाव कानावरून गेलं नसेल, तरी ते तुमच्या पर्समध्ये आहेच. अँड्रॉइड फोन त्याच्याच गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर चालतो. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं तो लिहायला घेतला. आज दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे नवे बदल घेतात, मग साधारण सात-आठ रविवार एकेक कच्ची आवृत्ती सगळ्यांसमोर ठेवतात. चालवून बघा, बिघडलं तर सांगा! मोठ्या कंपन्या तपासतातच, आपोआप होणाऱ्या चाचण्याही असतात. पण घरोघरचा जुना लॅपटॉप वेगळा, त्याचा वायफाय वेगळा.

आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको. राहुरीचं कृषी विद्यापीठ ज्वारीचं नवं वाण शेतकऱ्यांच्या रानातही लावून बघतं. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. पारनेरच्या मुरमाड रानात काय उगवेल, ते काळ्या रानात बसून कसं कळणार?

माझी भाची नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) इंजिनिअरिंग शिकते. तिनं चुलतभावाचा टाकून दिलेला लॅपटॉप या कामाला लावला. एका कच्च्या आवृत्तीत तो झोपवून उठवला की पडदा काळाच राहायचा. आधीच्या आवृत्तीत ठीक होतं. एका आवृत्तीत बारा-तेरा हजार बदल असतात, त्यातला गुन्हेगार कोण? मधोमध तोडायचं, बघायचं, बिघाड ज्या अर्ध्यात आहे तो अर्धा पुन्हा तोडायचा. असं केलं की चौदा फेऱ्यांत नेमका एक बदल हाती लागतो. फक्त प्रत्येक फेरीला कर्नल नव्यानं बांधायचा, आणि त्या म्हाताऱ्या लॅपटॉपला त्यासाठी तास-दीड तास लागायचा. पोरीनं चिकाटी सोडली नाही. दुरुस्ती झाली, तेव्हा तिच्या नोंदीखाली ‘रिपोर्टेड-बाय’ म्हणून हिचं नाव लागलं.

हे मला फार मोठं वाटतं. भाजीत मीठ कमी आहे हे आधी कळतं ते बाईला, पण त्याची नोंद कुठल्या वहीत होते? इथे चूक दाखवणाऱ्याचं नाव कायमचं लिहितात. शिवाय, चालू असलेली गोष्ट नव्या आवृत्तीत बंद पडता कामा नये, असा टोरवाल्ड्सचा कडक दंडक आहे. त्यामुळे तक्रारीला ‘कटकट’ म्हणून उडवून लावणं तसं अवघड.

भाचीची आई विचारते, “पैसे किती मिळाले?” प्रश्न चुकीचा नाही. या कर्नलवर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या आहेत, आणि घरात फुकट राबणाऱ्या मुलींना आणखी एक फुकट काम सांगायला माझी जीभ रेटत नाही. २०१३ मध्ये बायकांना मानधन देऊन कर्नलच्या कामात घेणं सुरू झालं. तो उपक्रम आज आउटरीची म्हणून ओळखला जातो आणि त्यातून भारतातल्या मुलीही पुढे आल्या. पण तिथे निवडीआधी काहीतरी काम करून दाखवावं लागतं. म्हणजे सुरुवात पदरमोडीचीच.

ती पदरमोड कॉलेजांनी करावी. घरातल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर हे प्रयोग करायचेच नसतात. नगर, संगमनेर, लोणी, कोपरगाव इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी दोन-चार जुनी यंत्रं भंगारात देण्याआधी मुलींच्या हवाली करावीत. आणि लॅब संध्याकाळनंतरही उघडी ठेवावी. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक लवकर बंद होतं, आणि चौदा फेऱ्या तेवढ्या वेळात होत नाहीत.