आमचा हजेरीपट कोण भरणार?

यंदा होळीला मोखाड्यातल्या आमच्या पोशेऱ्याला गेले, ती लॅपटॉप घेऊनच. 15 मार्चचा आगाऊ कराचा हप्ता तोंडावर आला होता. कंपन्यांना कराचा सल्ला देणाऱ्या मुंबईच्या एका कचेरीत मला आता दोन वर्षं होतील. बाहेर होळी पेटली तरी मी ओट्यावर आकडे जुळवत बसले होते. आय बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पोरी, तुझा मस्टर कोन भरतो?"

आय चेष्टा करत नव्हती. तिने रोजगार हमीवर दगड-माती उचलली आहे. महाराष्ट्राने 1977 साली हमीचा कायदा केला, तेव्हापासून आमच्या भागातल्या बायकांना मस्टर म्हणजे काय हे नीट कळतं. मोजमाप कमी लागलं, मजुरी रखडली, की मस्टरवरच्या नावाच्या जोरावर भांडता येत असे.

तास माझेही लिहिले जातात. पण ते गिऱ्हाइकाच्या बिलासाठी, माझ्या पगारासाठी नव्हे. ठरल्यापेक्षा जास्त लिहिले तर 'काम हळू करतेस' असं ऐकावं लागतं. मग रात्री अकरापर्यंत बसून आम्ही आठच तास लिहितो. आपलीच मजुरी आपल्याच हाताने खोडतो आणि त्याला 'शिकणं' म्हणतो.

कराच्या कामाला मुदती असणारच. दर महिन्याची 7 तारीख, आगाऊ कराचे चार हप्ते, मग लेखापरीक्षण अहवाल. 2025 साली या अहवालाची मुदत 30 सप्टेंबरवरून आधी 31 ऑक्टोबर आणि मग 10 नोव्हेंबर झाली. वाढीव मुदत कंपन्यांना दिलासा होती. आमच्या मात्र तेवढ्या रात्री वाढल्या. मुदत सरकारची, पण माणसं किती नेमायची हे कचेरीच ठरवते. चौघींचं काम दोघींवर टाकायचं आणि दोष तारखेला द्यायचा, हे काही खरं नव्हे.

जुलै 2024 मध्ये पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण संस्थेतली 26 वर्षांची सनदी लेखापाल मुलगी वारली. नोकरीला लागून तिला चारच महिने झाले होते. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. संस्थेने कामाच्या ताणाचं कारण मान्य केलं नाही. पण नंतर कामगार खात्याने तपासणी केली, तेव्हा त्या कचेरीची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, असं बाहेर आलं. म्हणजे त्या आईने लिहीपर्यंत तिथे कुणी डोकावलंच नव्हतं.

राज्याच्या 2017 च्या त्या कायद्यात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास होते. रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती आणि संरक्षणाची सोय हवी, असंही होतं. पण 'गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या' पदांना त्यातून वगळलं. हाताखाली एक माणूस नसताना मुलींना भारदस्त हुद्दे का मिळतात, ते इथे उमगतं. सप्टेंबर 2025 मध्ये तर मंत्रिमंडळाने दिवसाचे 9 तास 10 करायला मंजुरी दिली.

1945 साली तलासरी-डहाणूकडच्या वारली बाया-पुरुषांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. मोबदल्याशिवाय राबणार नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. माझा पगार त्यांच्या मजुरीपुढे कितीतरी मोठा आहे, मला मारहाण होत नाही, नोकरी सोडायची मुभा आहे. ही तुलना पुरती जुळत नाही, हे मी जाणते. पण न मोजलेलं, न मागता गृहीत धरलेलं काम म्हणजे वेठच.

आणि यात आधी गळते ती बाईच. उशिरापर्यंत बसणं ही निष्ठेची खूण ठरली, की जिला घरी स्वयंपाक आणि लेकरू आहे ती आपोआप 'कमी महत्त्वाकांक्षी' होते. कुणी तिला काढत नाही. तीच एक दिवस राजीनामा देते.

मैत्रिणींनो, सुरुवात साधी आहे. खरे तास लिहू या, आणि एकेकटीने नव्हे, सगळ्यांनी मिळून. जादा तासांचा मोबदला मागू या. कायदा कागदावरच्या हुद्द्याला नव्हे, तर रोजच्या कामाला लागू करा, असं सरकारला सांगू या.

त्या रात्री मी आयला म्हटलं, "कुणीच नाही भरत." ती म्हणाली, "मग तू तिथं कामाला हायेस, हे कुनाला ठावं?"