उथळ ओढ्यांतील बास

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं मासा शिजत नाहीं. मग गळाच्या विद्येची चौकशी येथें कशाला, असें कोणी विचारील. परंतु अमेरिकेंतील ओझार्क डोंगरांत चालणाऱ्या या खेळांत मासा बहुधा परत पाण्यांत सोडावयाचा असतो, आणि त्यांत जिभेपेक्षां डोळ्याचें काम अधिक आहे.

आर्कान्सा राज्यांतील बफेलो नदी चुनखडीच्या कड्यांमधून वाहते. १९७२ सालीं कायद्यानें तिला ‘राष्ट्रीय नदी’ ठरविलें आणि तिजवर धरण बांधण्याचा घाट टळला. तेथील गुडघाभर नितळ पाण्यांत लहान तोंडाचा बास राहतो. रंग कांशासारखा, अंगावर उभे पट्टे. डॉक्टर जेम्स हेन्शॉल यांनीं १८८१ सालीं या जातीच्या माशांवर एक सबंध ग्रंथच लिहिला.

नितळ पाण्यांत मासा आपणांस दिसतो, तसे आपणही त्यास दिसतों. सारी अडचण येथेंच आहे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळें माशाला बाहेरचें सर्व जग डोक्यावरच्या एका वर्तुळांतून दिसतें. तो दोन फूट खोल असला तर हें वर्तुळ सुमारें साडेचार फूट रुंद असतें. त्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा तळच दाखवितो. काठाशीं टेकलेल्या वस्तु वर्तुळाच्या कडेला चेपून अस्पष्ट होतात. म्हणून उभा माणूस लांबून ओळखूं येतो, आणि गुडघे टेकून सरकणारा पुष्कळ जवळ जाऊं शकतो. गळावर पिसें व केस गुंडाळून केलेली कृत्रिम माशी वजनानें नगण्य; ती फेंकली जाते जाड दोरीच्या भारानें. दोरीची सांवली माशावरून गेली कीं तो पसार! यास्तव शेवटीं नऊ-दहा फूट बारीक, पारदर्शक धागा जोडतात.

वसंतांत पाणी सुमारें पंधरा अंशांवर आलें म्हणजे नर शेपटीनें वाळूगोटे सारून बशीसारखें घरटें करितो. मादी अंडीं घालून निघून जाते, राखण बापाकडे. (आमच्याकडील कित्येक गृहस्थांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.) तो फारसें खात नाहीं, पण जवळ येईल त्यावर तुटून पडतो. त्या वेळीं माशी टाकली तर ती तो भुकेनें नव्हे, रागानें धरितो. तेव्हां त्यास पकडणें मुळींच कठीण नसतें. पण तो क्षणभर दूर झाला कीं टपलेले इतर मासे अंडीं फस्त करूं लागतात, आणि दमून परतलेला बाप कधीं घरटें सोडूनही देतो.

शेजारच्या मिसूरी राज्यांत वसंतांत ओझार्कच्या बहुतेक ओढ्यांतील बास ठेवून घेण्यास मनाई आहे. पकडून सोडण्यास मात्र मुभा. ही मुभा आम्हांस रुचत नाहीं. जाणते शिकारी तळाशीं तो फिकट गोल डाग दिसतांच वळसा घालून पुढें जातात. त्यांचा खरा हंगाम उन्हाळ्यांत, ओढा आटूं लागल्यावर, संध्याकाळच्या सांवलींत असतो; तेव्हां मासा मोकळाही असतो आणि सावधही.